जालन्याहून स्टुटगार्टला : इंटर्नशिपेच्छू उमेदवारांसाठी मार्गदर्शिका

परदेशातल्या मोठ्या शहरात दोन-तीन महिन्यांची इंटर्नशिप करणे ही आता पुण्या-मुंबईच्या मुलांची मक्तेदारी राहिलेली नाही. 2018 साली मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या आयसीटीने, जालन्यात मराठवाडा शाखा काढली आणि तिच्या अभ्यासक्रमात कारखान्यातल्या इंटर्नशिपला मानाचे पान दिले. तेव्हापासून हा शब्द जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत पोचला आहे. 'पोरगा काय करतो?' 'इंटर्नशिप.' 'पगार?' 'शिकतोय अजून.' यावर समोरचा माणूस सहानुभूतीने मान हलवतो. मात्र पुढे 'जर्मनीत' एवढे जोडले की तीच मान अदबीने हलते.

प्रस्तुत मार्गदर्शिका त्या अदबीच्या शोधात असलेल्या उमेदवारांसाठी आहे. ती सिद्ध करताना परदेशी जाऊन आलेल्या मुलांचे वडील, मामा, आत्या आणि शेजारी यांच्याशी सखोल चर्चा करण्यात आली. खुद्द मुलांशी बोलण्याची गरज भासली नाही. या विषयात त्यांना घरातही फारसे विचारत नाहीत.

जिल्ह्याची परंपरा

प्रथम उमेदवाराने न्यूनगंड सोडावा. घर सोडून लांब जाण्याची आपली परंपरा मोठी आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी 1608 साली जन्मलेले समर्थ रामदास वयाच्या बाराव्या वर्षी, स्वतःच्याच लग्नात, 'सावधान' हा शब्द कानी पडताच मंडपातून निघून गेले, अशी कथा आहे. पुढे नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे साधना आणि त्यानंतर बारा वर्षे देशभर पायी भ्रमण. आजच्या भाषेत हा सगळा कार्यक्रम बिनपगारी, स्वखर्चाने आणि घरच्यांचे ना-हरकत पत्र न घेता झाला. उमेदवाराने यातला सावधपणा तेवढा घ्यावा. घरच्यांना विचारल्याशिवाय निघता येणार नाही, कारण व्हिसाच्या अर्जाला खर्चाची हमी लागते आणि ती वडीलच देतात.

त्याहून जुना दाखला भोकरदनचा. सातवाहनांच्या काळी हे भोगवर्धन होते, व्यापारी पेठ होती. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात 1938 साली वीतभर उंचीची एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. पुढे भोकरदनच्या उत्खननात तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती निघाली, तेव्हा पॉम्पेईची ती बाई मूळची इकडचीच असावी, असे अनेक अभ्यासक म्हणू लागले. म्हणजे जिल्ह्यातून परदेशी शहरात गेलेली पहिली ज्ञात उमेदवार भोकरदन तालुक्यातली ठरते. ती अद्याप परतलेली नाही. नेपल्सच्या संग्रहालयात असते. व्हिसाच्या मुलाखतीत हे उदाहरण कटाक्षाने टाळावे. तिथे आपण काम संपताच परत येणार आहोत, हे पटवून द्यायचे असते.

शहराची निवड

लंडन, न्यूयॉर्क, सिंगापूर ही नावे सर्वांना सुचतात. आम्ही स्टुटगार्टची शिफारस करतो, आणि ती नात्याच्या आधारावर. 1968 पासून स्टुटगार्ट हे मुंबईचे भगिनी शहर आहे. मुंबई आपली राजधानी, म्हणजे मायच. तिची बहीण ती आपली सख्खी मावशी. शिवाय स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्याची राजधानी आहे, त्या राज्याशी 2024 साली महाराष्ट्र सरकारने कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही केला. तेव्हा आपण परक्या मुलखात नसून मावशीकडे सुटीला चाललो आहोत, असे समजून बॅग भरावी. मावशीला आपण येणार असल्याचे ठाऊक नसते, एवढीच काय ती अडचण.

मावशीचा स्वभाव आधीच सांगून ठेवतो. स्टुटगार्टच्या भागातला, म्हणजे स्वाबियन, माणूस काटकसरीबद्दल साऱ्या जर्मनीत नावाजलेला आहे. त्याच्या बोलीला उरलेले जर्मन हसतात. उमेदवार पुण्याला जाऊन, खोली भाड्याने घेऊन, महिनोन्महिने घोकून प्रमाण जर्मन शिकतो आणि स्टुटगार्टच्या ट्राममध्ये शेजारच्या आजीबाईंचे एक अक्षर त्याला कळत नाही. यात उमेदवाराचा दोष नाही. आम्हांला सगळे येते, फक्त प्रमाण जर्मन येत नाही, अशी जाहिरात त्या राज्याने स्वतःच 1999 पासून वर्षानुवर्षे केली. परतूर-मंठ्याची बोली घेऊन पुण्याच्या वर्गात गेलेल्या मुलाला एवढा दिलासा दुसऱ्या कोणत्याही परदेशी राज्यात मिळणार नाही.

नावाचे काय करावे

या प्रकरणाकडे फार कमी मार्गदर्शकांनी लक्ष दिले आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव खाली वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, स्वतःचे आणि वडिलांचे दुसऱ्यात. आधार कार्डावर, ते काढणाऱ्याला त्या दिवशी जसे ऐकू आले तसे. हे तिन्ही कागद एका टेबलावर मांडले की तीन स्वतंत्र इसम तयार होतात. 'वरील तिन्ही व्यक्ती एकच आहेत' असे प्रतिज्ञापत्र करून घ्यावे लागते, आणि घाईत टंकलेखकाने एक वेलांटी चुकवली की चौथा इसम जन्माला येतो. तेव्हा प्रतिज्ञापत्र सही करण्याआधी मोठ्याने वाचावे. वाचताना वडिलांना शेजारी बसवावे.

त्यांना बसवण्याचे आणखी एक कारण आहे. पासपोर्टवर दोन नावे एकाच रकान्यात असल्याने तिकडच्या कंपनीचा संगणक वडिलांचे नाव हे मुलाचेच दुसरे नाव समजतो. कधी ईमेलचा पत्ता त्या नावाने निघतो, कधी गळ्यातल्या पट्ट्यावर तेच छापून येते. ज्या गृहस्थांनी मुलाला सकाळी उठवण्यासाठी आयुष्यभर त्याचे पांघरूण ओढले, त्यांना तीन महिने स्टुटगार्टमध्ये रोज सकाळी हसून नमस्कार मिळतो. याची कल्पना त्यांना आधी दिल्यास खर्चाची हमी लवकर सही होऊन येते, असा अनुभव आहे.

खाते आणि सातबारा

शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याने महिन्याला 992 युरोंची तजवीज दाखवावी, असा जर्मनीचा 2024 पासूनचा दंडक आहे. इंटर्नशिपला जाणाऱ्यानेही तोच आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. कंपनी मानधन देणार असेल तर तेवढा भार हलका. आकडा ऐकल्यावर घरात प्रथम शांतता पसरते आणि मग मामांना फोन जातो. मामा दिलदार असतात. 'आठ दिवसांसाठी टाकतो खात्यावर, काम झालं की परत दे,' म्हणतात. हे कधीही करू नये. वर्षभर चार आकड्यांत रांगणारे खाते अर्जाच्या आठवड्यात एकदम सहा आकडी झाले, तर समोरचा अधिकारी जर्मन असला तरी त्याला मामा ही संस्था तत्काळ समजते.

शेतकरी कुटुंबाची पंचाईत वेगळी. पैसा खोटा नसतो, पण तो दरमहा येत नाही. कापूस आणि सोयाबीन विकले की एकदा येतो, मोसंबीचा बहर धरला तर आणखी एकदा, आणि त्या वर्षी पाऊस नसेल तर येतच नाही. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून विवरणपत्र भरलेले नसते. अशा वेळी सातबारा, आडत्याच्या पट्ट्या आणि सनदी लेखापालाचा दाखला असा जाडजूड गठ्ठा इंग्रजी भाषांतरासह जोडावा. सातबाऱ्याचे भाषांतर करणाऱ्याची कीव करावी. 'पोटखराबा' हा शब्द परकीय वकिलातीला समजावून सांगणे एकाच गोष्टीहून सोपे आहे : चुलत्याचे नाव उताऱ्यावर अजून का आहे.

याखेरीज तिकडच्या रोजगार खात्याची संमती लागते. त्यासाठी इंटर्नशिप अभ्यासक्रमाशी निगडित असावी, कॉलेजची पहिली चार सत्रे झालेली असावीत आणि एकूण मुदत वर्षाच्या आत असावी. मुक्काम नव्वद दिवसांच्या आतला असेल तर शेंगेन व्हिसा, फी 90 युरो. त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय व्हिसा, फी 75 युरो. जास्त दिवसांना कमी पैसे का, हे विचारत बसू नये. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा. अर्जासाठी स्वतः जावे लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात. मुंबईला जायचे तर रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरावी. सोबत वडील, काका आणि 'मुंबईत आपल्या ओळखीचे आहेत' असे सांगणारे एक गृहस्थ येतात. दारावरचा रखवालदार फक्त उमेदवाराला आत सोडतो. इंटर्नशिप खऱ्या अर्थाने तिथेच सुरू होते, कारण जालन्यात जन्माला आल्यापासून उमेदवार कोणत्याही कार्यालयात एकटा शिरलेला नसतो.

सत्कार

व्हिसा मिळाल्याची बातमी फुटताच मामा चौकात मामांचा फ्लेक्स लागतो. त्यावर उमेदवाराचा फोटो कोपऱ्यात लहान आणि शुभेच्छुकांचे मोठे असतात. जर्मनीचा झेंडा कधीकधी बेल्जियमचा येतो. रंग तेच असल्याने छापणाऱ्याशी वाद घालू नये. गल्ली, समाज, जुनी शाळा आणि क्लासवाले असे निदान चार सत्कार गृहीत धरावेत. शाल प्रत्येक वेळी मिळते. ती नेऊ नये, तिकडच्या थंडीला ती उपयोगी नाही. नारळाचे काय करायचे ते पुढे येते.

सामान

विमानात मोठ्या बॅगेला बहुधा 23 किलोंची मर्यादा असते. यातले अठरा किलो आईचे असतात. शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, येसराचे पीठ, धपाटे, पापड्या, आणि ज्वारीचे पीठ 'थोडंसंच', म्हणजे चार किलो.

युरोपीय संघाचे नियम मात्र नीट वाचावेत. बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप गेले, पेढे गेले, खवा गेला. ताजी फळेही रोगमुक्तीच्या सरकारी दाखल्याशिवाय चालत नाहीत. ज्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, जिच्यावर जिल्ह्याचा अर्धा अभिमान उभा आहे, ती जालन्याची मोसंबी स्टुटगार्टच्या विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात जाते. या नियमाला अपवाद फक्त पाच फळांचा : अननस, केळे, खजूर, ड्युरियन आणि नारळ. होय, नारळ. सत्कारात मिळालेले नारळ ब्रसेल्सच्या पूर्ण संमतीने युरोपात नेता येतात. त्यांचे खोबरे करून वाळवून मात्र नेऊ नये. सुके खोबरे पेट घेऊ शकते, म्हणून ते विमानाच्या सामानात टाकू देत नाहीत.

पोचल्यानंतर

पहिल्या रात्री उमेदवार खोलीतला नळ उघडतो. पाणी येते. तो घाईघाईने बादली शोधतो, ती नसते. मग पातेले, कढई, दोन मग, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि शेवटी ओट्यावरचे सिंक तुडुंब भरून ठेवतो. सकाळीही पाणी येतच असते. घाणेवाडीचा तलाव आणि जायकवाडीची जलवाहिनी यांच्या बातम्या वाचत वाढलेल्या, आणि नळ कधी येणार यावर घरातल्या आंघोळी, लग्ने आणि पाहुण्यांचे मुक्काम ठरताना पाहिलेल्या माणसाला हा धक्का पचायला आठवडा लागतो. घरी फोनवर याचे वर्णन करू नये. आई काही बोलत नाही, पण वडील महानगरपालिकेवर सुरू होतात आणि मिनिटांचा हिशेब राहत नाही.

रविवारी दुकाने बंद असतात. दूध शनिवारी आणावे. ट्रामच्या स्थानकावर तिकीट तपासणारा दांडा नसतो. म्हणून तिकीट नको, असा निष्कर्ष काढणाऱ्याला 60 युरो दंड बसतो. पाण्याची प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात परत केली की 25 सेंट मिळतात. हा भाग शिकवावा लागत नाही. भट्टीत भंगार वितळवून सळई काढणाऱ्या जालन्याच्या पोराला टाकाऊ वस्तूची किंमत कळते. तो दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांच्याही बाटल्या मागून नेतो.

अवघड भाग पुढचा आहे. एके दिवशी उमेदवाराच्या दारावर एक पाटी टांगलेली दिसते. त्याला वाटते, हाही सत्कार. ती 'केअरवोखे'ची पाटी असते : या आठवड्यात जिना झाडण्याची पाळी तुमची. स्टुटगार्टमध्ये ही प्रथा शतकानुशतके चालत आली आहे. नगरपालिकेने सक्तीचा नियम 1988 सालीच काढून टाकला, पण भाडेकरारात ती कायम राहिली. लहान पाळीत आपल्या मजल्याचा जिना, मोठ्या पाळीत अंगण, फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फसुद्धा. बदली माणूस लावता येतो, पण त्याची मजुरी ऐकून उमेदवार स्वतःच फडके हातात घेतो. जालन्यात ज्याने जेवलेले ताटही कधी उचलले नाही, तो चिरंजीव तिकडे गुडघ्यावर बसून तिसऱ्या पायरीचा कोपरा पुसत असतो आणि वरच्या मजल्यावरच्या बाई कठड्यावरून त्याचे काम पाहत असतात. त्याचा फोटो कोणीही घरी पाठवू नये. आईला रडू येते, बहिणीला हसू, आणि परतल्यावर केरसुणी कोणाकडे द्यायची याचा निकाल बहीण त्याच क्षणी लावते. मुलींच्या बाबतीत या प्रकरणाची गरज नाही. त्यांची पाळी जालन्यातही बावन्न आठवडे असते.

प्रत्यक्ष काम

काम म्हणजे पहिले दोन दिवस सुरक्षेचे पाठ. चष्मा, बूट, आग लागली तर कुठल्या दाराने पळायचे. मग एक कोपरा, एक संगणक, एक प्रयोग तीस वेळा. साहेबाला सर म्हणायचे नाही, नुसत्या नावाने हाक मारायची, हे उमेदवाराला मरणप्राय वाटते. दोन आठवडे तो हाक न मारता समोर जाऊन खाकरतो. संध्याकाळी कामाची वेळ संपली की सगळे उठून जातात. साहेब बसले आहेत म्हणून उमेदवार बसून राहिला, तर त्याला काम वेळेत उरकत नाही असा समज होतो. चूक झाली तर ती आपण होऊन सांगावी, लिहून ठेवावी, पुन्हा करावे. 'मॅनेज करतो' या आपल्याकडच्या सर्वव्यापी क्रियापदाला तिथे कोणी दाद देत नाही.

घरचे फोन हा कामाचाच भाग धरावा. उन्हाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. सकाळी अकराला आत्या पूजा आटोपून, निवांत होऊन फोन लावते, तेव्हा स्टुटगार्टला साडेसात वाजलेले असतात आणि उमेदवार ट्रामच्या मागे पळत असतो. जेवलास का, थंडी आहे का, तिकडे आपले कोणी भेटले का, हे तीन प्रश्न आणि त्यांची तीन ठरलेली उत्तरे ध्वनिमुद्रित करून ठेवल्यास वेळ वाचेल.

जर्मनांच्या वक्तशीरपणाबद्दल ऐकले असेल, ते आगगाडीला लावू नये. 2024 साली त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी शंभरातल्या सुमारे सदतीस उशिरा पोचल्या. स्टुटगार्टचे नवे भुयारी रेल्वे स्थानक 2010 पासून बांधले जात आहे. ते 2019 मध्ये सुरू व्हायचे होते. मुहूर्त पुन्हा पुन्हा पुढे गेला, खर्च कितीतरी पटींनी वाढला, लोक मोर्चे काढून दमले. जालना-खामगाव रेल्वेची मागणी आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या आणि जालना-जळगाव मार्गाला 2024 मध्ये मंजुरी मिळाल्यावर पेढे वाटलेल्या माणसाला त्या अर्धवट स्थानकासमोर उभे राहिल्यावर प्रथमच माहेरी आल्यासारखे वाटते.

एक अवघड प्रश्न

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेवणाच्या सुटीत, कोणीतरी विचारतेच : तुझ्या गावात काय होते? आणि इथे आमच्या पाहण्यातले बहुतेक उमेदवार गडबडतात. ते मुंबईबद्दल सांगतात, ताजमहालाबद्दल सांगतात. वेरूळ जालन्यातच असल्याचे सांगून शेजारच्या जिल्ह्याची लेणीही काहींनी पळवली आहेत. समोर बसलेला जर्मन पोलादातला किंवा रसायनातला माणूस असतो. त्याला सांगण्यासारखे इतके असते : भंगारापासून सळई कशी होते, भट्टी विजेवर किती तास चालते, 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको काढून बियाण्यांचा धंदा कसा उभा केला आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार कशासाठी मिळाला. उमेदवाराने यातले काही पाहिलेले नसते. एमआयडीसी त्याने बसच्या खिडकीतून पाहिलेली असते. रोलिंग मिलच्या फाटकातून आत तो गेलेला नसतो, कारण तिथे 'आपल्यासारखे' जात नाहीत. तिकडे मात्र त्याला फक्त कामापुरते ओळखतात. कोणाचा मुलगा, कोणाचा भाचा, फ्लेक्सवर कोण होते, यातले काहीच उपयोगी पडत नाही. तेव्हा निघण्याआधी एक दिवस मोडून एखादी मिल आणि एखादे बियाणे प्रक्रिया केंद्र पाहून यावे. आत जाण्यासाठी मामांची ओळख लागेल. ती शेवटची वापरून घ्यावी.

परतल्यावर

परतल्यावर पुन्हा सत्कार होतो. नारळ पुन्हा मिळतो. पहिले पंधरा दिवस उमेदवार लाल सिग्नलला थांबतो आणि मागच्यांच्या शिव्या खातो. जर्मनीत प्रमाणपत्राऐवजी कामाचे सविस्तर अहवालपत्र मिळते. ते जर्मनमध्ये असते आणि त्यातला प्रत्येक गोड शब्द मोजून वापरलेला असतो. त्याचे भाषांतर करून घ्यावे, फ्रेम करू नये.

आता कामाचे. शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत शिल्लक हवी. कंपन्यांना आणि प्राध्यापकांना पत्रे दिवाळीच्या आधी जायला हवीत, कारण उत्तर, संमती आणि व्हिसा यांत हिवाळा निघून जातो. फराळ संपल्यावर बघू म्हणणारे उमेदवार मे महिन्यात जालन्यातच असतात, बेचाळीस अंशांत. तेव्हा ही मार्गदर्शिका बाजूला ठेवा आणि आधी पासपोर्ट कुठल्या कपाटात आहे ते शोधा.